‘त्याला बिडी तरी ओढू द्या’ म्हणण्याआधी

(पनवेल येथे युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



दोन दिवसांच्या या शिबिरात शिक्षण, रोजगार, स्त्रियांचे हक्क अशा मोठ्या विषयांवर बोलणं झालं. माझा विषय त्यामानाने किरकोळ वाटेल. मानसिक आजार असलेल्या माणसाला बिडी-सिगारेट सोडायला मदत कशी करायची, एवढाच तो आहे. मघाशी चहाच्या वेळी एका मुलाने मला विचारलंच, “आपा, ज्याचं डोकं ठिकाणावर नाही, त्याची बिडी सोडवून काय मिळणार?” तो इथेच बसलाय. मी त्याच्यावर रागावले नाही, कारण वीसेक वर्षांपूर्वी मीही असंच काहीसं बोलले होते. तिथूनच सुरुवात करते.

माझा थोरला भाऊ. आम्ही सगळे त्याला भाई म्हणायचो. बाविसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले. शेजारी आपल्याबद्दल बोलतात, कोणी तरी जेवणात काही तरी घालतं, असं त्याला वाटायचं. पहिली तीन वर्षं तावीज, झाडफूंक आणि दर्ग्याच्या वाऱ्यांत गेली. मग डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचं निदान केलं आणि औषधं सुरू झाली. औषधांनी आवाज कमी झाले, भाई घरी शांत राहू लागला. पण तो कामावर परत गेला नाही, त्याचं लग्नही झालं नाही. तो ओटीवर बसायचा आणि बिड्या ओढायचा. दिवसाला दोन बंडलं. सकाळच्या चहाबरोबर अम्मीच बंडल आणि काडेपेटी त्याच्यापुढे ठेवायची. अब्बांनी आयुष्यात कधी बिडीला हात लावला नव्हता, पण तेही म्हणायचे, “त्याला दुसरं सुख आहे काय? बिडी तरी ओढू द्या.”

एका रमजानमध्ये इफ्तारनंतर भाईने पहिली बिडी शिलगावली आणि मला विचारलं, “दिवसभर राहतो मी हिच्याशिवाय. ही कायमची सुटेल का गं?”

मी हसले. म्हणाले, “तुझ्याच्याने नाही व्हायचं, भाई.”

त्यानंतर त्याने कधी विचारलं नाही. एकोणपन्नासाव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. जनाजाला आलेले लोक म्हणत होते, सुटला बिचारा. ज्या आजाराला आम्ही सत्तावीस वर्षं घाबरलो, त्या आजाराने तो गेला नाही. आणि बिडीबद्दल त्याने ज्या एका दिवशी मदत मागितली, त्या दिवशी मी, घरातली शिकलेली मुलगी, त्याला हसले होते.

अकाली मरणाचं कारण

पुढे मी समाजकार्य शिकले आणि मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करू लागले. तेव्हा कळलं की भाईची गोष्ट एकट्या भाईची नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी मरतात. त्यांतले बहुतेक मृत्यू हृदयविकार, फुप्फुसांचे आजार, मधुमेह अशा शारीरिक आजारांनी होतात. या आजारांमागे तंबाखूचा वाटा मोठा आहे. जगभर जिथे जिथे पाहणी झाली, तिथे तिथे मानसिक आजार असलेल्यांमध्ये धूम्रपानाचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त आढळलं.

असं का होतं? आजारामुळे येणारा रिकामा वेळ, एकटेपण, काही औषधांनी येणारी सुस्ती, ही कारणं आहेतच. पण आणखी एक कारण आहे आणि त्याबद्दल आपण बोलत नाही. या लोकांना तंबाखूची सवय समाजाने स्वतःच्या हाताने लावली. कित्येक देशांच्या मनोरुग्णालयांत सिगारेट हे बक्षीस होतं. अंघोळ केली, गोळी घेतली, की एक सिगारेट. आरडाओरडा केला, की ती बंद. घराघरांत आपण तेच करतो. बिडी दिली की तो गप्प बसतो, आणि त्याचं गप्प बसणं आपल्या सोयीचं असतं.

तंबाखू कंपन्यांनाही ते सोयीचं होतं. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी या कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रं तपासून एक लेख प्रसिद्ध केला. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण सिगारेट ओढून स्वतःवर एक प्रकारे उपचारच करतात, या कल्पनेला बळ देणाऱ्या संशोधनाला कंपन्यांनी पैसा पुरवला होता. मनोरुग्णालयांत धूम्रपानबंदी येऊ नये, या प्रयत्नांनाही त्यांची साथ होती. ‘त्याला बिडी तरी ओढू द्या’ हे वाक्य माझ्या अब्बांच्या तोंडी मायेचं होतं. पण त्या वाक्यावर कोणाचा तरी धंदाही चालतो, हे विसरू नका.

तीन गैरसमज

पहिला गैरसमज असा की बिडीने मन शांत होतं. ओढणाऱ्याला तसं वाटतं आणि ते खोटं नाही. पण आत काय घडतं ते पाहा. रक्तातलं निकोटिन दोनेक तासांत निम्मं होतं. ते उतरू लागलं की बेचैनी, चिडचिड, घाबरल्यासारखं वाटणं सुरू होतं. हीच तलफ. पुढची बिडी ती बेचैनी घालवते आणि आपल्याला वाटतं की बिडीने टेन्शन गेलं. खरं तर आधीच्या बिडीनेच दिलेलं टेन्शन पुढची बिडी तासाभरासाठी घालवत असते. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांनी धूम्रपान सोडलं त्यांच्यात नैराश्य, चिंता आणि ताण हे सगळं, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत, कमी झालेलं दिसलं. आधीपासून मानसिक आजार असलेल्यांमध्येही तेच दिसलं.

दुसरा गैरसमज, यांना सोडायचीच नसते, आणि सोडायची म्हटलं तरी जमणार नाही. इंग्लंडमध्ये ‘सिमिटार प्लस’ नावाची एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ साली आले. स्किझोफ्रेनिया, बायपोलर असे गंभीर आजार असलेले ५२६ धूम्रपान करणारे लोक त्यात होते. निम्म्यांना नेहमीची सेवा मिळाली. बाकीच्यांना प्रशिक्षित परिचारिका किंवा कार्यकर्ता भेटत राहिला, गरज पडली तर घरी जाऊन. एकदम सोडायला लावलं नाही. आधी कमी करा, मग सोडा, पुन्हा सुरू झाली तर पुन्हा प्रयत्न करू, अशी पद्धत होती. सहा महिन्यांनंतर खास मदत मिळालेल्यांपैकी १४ टक्के लोकांनी धूम्रपान सोडलेलं होतं, दुसऱ्या गटात ६ टक्के लोकांनी. वर्षानंतर हेच आकडे १५ आणि १० टक्के झाले, म्हणजे अंतर कमी झालं. यातून मी दोन गोष्टी घेते. मदत मिळाली तर या माणसांनाही जमतं. आणि मदत मध्येच थांबवून चालत नाही.

तिसरा गैरसमज, बिडी सोडली तर आजार उलटेल. या भीतीने डॉक्टरसुद्धा वर्षानुवर्षं विषय काढत नसत. २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात आठ हजारांवर लोक होते, त्यांतल्या सुमारे निम्म्यांना मानसिक आजार होता, पण तो स्थिर होता. निकोटिनचा पॅच, व्हॅरेनिक्लिन, बुप्रोपिऑन ही सोडायला मदत करणारी तिन्ही औषधं त्यात तपासली. व्हॅरेनिक्लिन किंवा बुप्रोपिऑन घेणाऱ्यांत मानसिक त्रास पॅचच्या किंवा नुसत्या साखरेच्या गोळीच्या तुलनेत लक्षणीय वाढलेला दिसला नाही. अर्थात, ही दोन औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाहीत. ज्यांना फिट येतात त्यांना तर बुप्रोपिऑन चालतच नाही.

डॉक्टरांना सांगितल्याशिवाय बिडी बंद करू नका

आता मी जे सांगणार आहे ते कृपया लिहून घ्या. चांगल्या मनाने मदत करणारा माणूस इथेच चुकू शकतो.

बिडी-सिगारेटच्या धुरात जी डांबरी द्रव्यं असतात, ती यकृतातल्या एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, जास्त कामाला लावतात. क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही स्किझोफ्रेनियावरची दोन महत्त्वाची औषधं हाच विकर शरीराबाहेर घालवतो. त्यामुळे ओढणाऱ्या माणसाच्या शरीरातून ही औषधं लवकर निघून जातात आणि डॉक्टरांना डोस वाढवावा लागतो. आता तोच माणूस एका दिवसात बिडी बंद करतो. आठवडाभरात विकराचं काम मंदावतं, डोस मात्र तेवढाच राहतो. औषध रक्तात साठत जातं. क्लोझापिनची पातळी काही रुग्णांत दीडपट किंवा त्याहूनही जास्त होते. मग खूप झोप येते, लाळ गळते, चक्कर येते, गोंधळ उडतो, कधी फिटसुद्धा येते. घरचे म्हणतात, पाहिलंत, बिडी सोडली आणि आजार वाढला. वाढलेला असतो तो औषधाचा डोस.

उलटंही घडतं. रुग्णालयात धूम्रपान बंद असतं, तिथे कमी डोसमध्ये माणूस बरा होतो. घरी येऊन पुन्हा ओढायला लागतो, औषध कमी पडतं आणि महिन्याभरात आवाज परत येतात. घरचे दोष देतात डॉक्टरांना, नशिबाला किंवा जिनांना.

म्हणून नियम एकच. सोडायचं ठरलं की आधी मानसोपचारतज्ज्ञांना सांगायचं, “हे इतक्या बिड्या ओढतात, अमुक तारखेपासून कमी करणार आहेत, डोस पाहाल का?” पुन्हा सुरू केल्या तरी तेही सांगायचं. निकोटिनचं च्युइंगम किंवा पॅच घेतल्याने हा प्रश्न सुटत नाही, कारण विकराला कामाला लावतो तो धूर, निकोटिन नव्हे. चहा-कॉफीतलं कॅफिनही याच विकराच्या वाटेने बाहेर जातं. बिडी सोडल्यावर तेवढाच चहा जास्त चढतो, झोप उडते, हात थरथरतात. त्या दिवसांत चहाचे कप निम्मे करा.

आपल्या राज्याची आणखी एक गोष्ट. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ लोक धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के लोक तंबाखू, मशेरी, गुटखा असं काही तरी तोंडात घेणारे आढळले. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी टपरीवर काय मिळतं ते तुम्हाला माहीत आहे. तोंडातल्या तंबाखूत धूर नसतो, त्यामुळे ती सोडताना औषधाच्या डोसचा हा प्रश्न येत नाही. पण बिडी सोडून चुना-तंबाखू धरली तर धोक्याची फक्त जागा बदलते. आपल्या पनवेलच्याच हद्दीत, खारघरला, टाटा स्मारक केंद्राचं ॲक्ट्रेक हे कर्करोग रुग्णालय आहे. तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण पाहायला लांब जावं लागत नाही.

तुम्ही काय करू शकता

तुमच्यापैकी प्रत्येकाच्या मोहल्ल्यात, इमारतीत किंवा घरात असा एक तरी माणूस आहे. त्याच्यासाठी डॉक्टर व्हायची गरज नाही.

पहिलं, त्याला विचारा. सगळ्यांसमोर नाही, एकट्याने, शेजारी बसून. “चाचा, कधी सोडावीशी वाटली का?” एवढंच. नाही म्हणाला तर वाद घालू नका, महिन्याने पुन्हा विचारा.

दुसरं, हिसकावून घेऊ नका. बंडल लपवणं, खोलीत कोंडणं, ‘हराम आहे’ म्हणून लाजवणं, यातल्या कशाने काही सुटत नाही. शिवाय अचानक बंद केल्याचा धोका आत्ताच सांगितला.

तिसरं, आधी मोजा. आठवडाभर प्रत्येक बिडी कधी आणि का ओढली, याच्या रेघा वहीत मारायच्या. चहाबरोबरची, जेवणानंतरची, आवाज ऐकू आल्यावरची, काहीच करायला नसल्यामुळे ओढलेली. बहुतेक वेळा शेवटच्या प्रकारच्याच जास्त निघतात. त्या आधी कमी करायच्या, आणि त्या वेळेला दुसरं काही तरी द्यायचं. वडाळे तलावाला एक फेरी मारा, दुकानात एखादं छोटं काम द्या, कॅरमचा एक डाव मांडा. बिडी काढून घेतली आणि ओटी तशीच रिकामी ठेवली, तर बिडी परत येणारच.

चौथं, च्युइंगम वापरायची पद्धत शिकवा. निकोटिनचं च्युइंगम साध्या च्युइंगमसारखं चघळायचं नसतं. हळू चघळायचं, तिखटसर चव आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चघळायचं. भराभर चघळलं तर मळमळतं, आणि माणूस म्हणतो याने काही होत नाही.

पाचवं, पहिल्या महिन्यात सोबत राहा. चिडचिड, झोप न लागणं, उदास वाटणं हे पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. तो आजार उलटल्याचा पुरावा नाही. मात्र आवाज वाढले, संशय वाढला, रात्रीच्या रात्री झोप नाही किंवा मरणाचं बोलणं सुरू झालं, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या.

सहावं, पुन्हा सुरू केली तर ‘बघ, म्हटलं होतं ना’ असं म्हणू नका. धडधाकट माणसालाही सोडायला अनेक प्रयत्न लागतात.

मदत फोनवरही मिळते. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मोफत सेवा आहे. १४४१६ हा ‘टेली मानस’चा क्रमांक आहे, २०२२ पासून सुरू असलेला, मानसिक आरोग्यासाठी. दोन्ही क्रमांक मोबाइलमध्ये आत्ताच साठवा. आणि ज्या माणसाला फोन करायला जमत नाही, त्याच्या शेजारी बसून तुम्ही तो लावा.

रमजान, दर्गा आणि आपण

रमजानबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. तेरा-चौदा तास न ओढता राहणारा माणूस इफ्तारनंतर एकामागून एक ओढतो, हे आपण दरवर्षी पाहतो. हा महिना सोडण्यासाठी चांगला आहे, कारण सवयीचं वेळापत्रक आपोआप मोडलेलं असतं. भाईने मला तेव्हाच विचारलं होतं. इफ्तारनंतरची पहिली बिडी तासभर पुढे ढकलायची, मग दोन तास, अशी सुरुवात करता येते. पण मानसिक आजाराची औषधं घेणाऱ्याने रोजे धरायचे का, गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या, हे आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरात पाणी कमी पडलं तर ते जिवावर बेतू शकतं. आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे, हे घरातल्या मोठ्यांना आठवण करून द्या. ती सवलत मनाच्या आजारालाही आहे.

दर्ग्याबद्दलही बोलते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडीला, दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका खासगी निवासाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण त्यात मेले. त्यांना पळताच आलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीने बांधणं बेकायदा ठरवलं आहे आणि उपचार हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे. दुआ करायला कोणाची ना नाही. पण दवा थांबवून दुआ नको, आणि दवा चालू असताना फुप्फुसं जळू देणंही नको. मनाचा आजार आणि छातीचा आजार एकाच माणसाला होतो. उपचारही त्या अख्ख्या माणसाचा व्हायला हवा.

आपल्या राज्यात हे दोन धागे एकत्र आणणारी माणसं झाली आहेत. पुण्याचं ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झालं ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, आणि ते उभं करणाऱ्या डॉ. अनिता अवचट स्वतः मानसोपचारतज्ज्ञ होत्या. आपल्या रायगड जिल्ह्यातच, कर्जतला, डॉ. भरत वाटवानी यांची ‘श्रद्धा’ संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवते. २०१८ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरी पोचलेल्या माणसाचं पुढचं आयुष्य किती लांबीचं असेल, हे मात्र घरच्यांवर आणि शेजाऱ्यांवर, म्हणजे तुमच्या-माझ्यावर आहे.

मघाच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर देऊन थांबते. बिडी सोडवून काय मिळणार? धूम्रपान सोडल्यावर वर्षभरात, धूम्रपानामुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका सुमारे निम्म्यावर येतो. भाईने विचारलं तेव्हा तो तिशी ओलांडून थोडाच पुढे गेला होता. मी हसण्याऐवजी ‘चल, डॉक्टरांना विचारू’ म्हटलं असतं, तर कदाचित तो आज ओटीवर बसलेला असता. कदाचित नसताही. पण प्रयत्न करण्याचा त्याचा हक्क मी त्याला नाकारला, एवढं मला पक्कं माहीत आहे. तुमच्या ओळखीतला भाई, चाचा, खाला अजून आहेत. या आठवड्यात त्यांच्यातल्या एकाला जाऊन विचारा, आणि तो काय म्हणाला ते मला कळवा.

आता तुमचे प्रश्न घेऊ. सुरुवात चहावाल्या मित्रापासूनच करू या.